आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही करावी

बुधवार, सकाळचे अकरा चाळीस. चौथीच्या वर्गात भागाकार चाललाय, एक पोरगी फळ्यापाशी उभी आहे, बाकी किती उरली ते तिला जवळजवळ सापडलंय, आणि खिशातला फोन थरथरतो. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज. "अतितात्काळ. खालील लिंकमधील माहिती आज दुपारी २ वाजेपर्यंत भरावी. निरंक असल्यास निरंक भरावे. माहिती न भरणाऱ्या शाळांची नावे वरिष्ठ कार्यालयास कळविण्यात येतील." लिंक उघडली तर नळ किती, चालू किती, मुलींचं टॉयलेट किती, हात धुवायची जागा आहे का. हीच माहिती ऑगस्टमध्ये दिलेली, यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-पोर्टलवर पण आहे, फक्त कॉलम इकडचे तिकडे झालेत.

आणि अशा पत्रांच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. "आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही करावी." मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, मध्ये पावणेतीन वर्षं प्रभारी मुख्याध्यापक होतो, आणि माझं बीपी कशाने वाढलं असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला हे वाक्यच आठवलं. आपला स्तर म्हणजे नक्की कोणता हो? नळ दुरुस्त करायला पैसे नाहीत तो स्तर, की नळ बंद का म्हणून उत्तर द्यायचं तो स्तर?

तर आज मुख्याध्यापकाच्या टेन्शनबद्दल लिहितोय. रडगाणं म्हणून नाही. या विषयावर जगभर बराच अभ्यास झालाय आणि तो वाचल्यावर मला माझ्याच पावणेतीन वर्षांचा उलगडा झाला, म्हणून जमेल तसं सोपं करून सांगतो.

सगळ्यात कॉमन समज असा की काम जास्त म्हणून टेन्शन जास्त. मला पण तसंच वाटायचं. पण मग गॅदरिंगचं काय? गॅदरिंगच्या आठवड्यात मी सकाळी साडेसातला शाळेत असायचो आणि रात्री नऊला घरी यायचो, स्टेजचे बांबू, माईकवाला, साड्या कुणाकडून आणायच्या, पहिलीतला कोळी ऐनवेळी रडायला लागला तर काय, जेवायला वेळ नाही, घसा बसलेला. आणि रात्री उशीला डोकं टेकलं की ढाराढूर. उलट अपार आयडीच्या (प्रत्येक विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) आठवड्यात काम तसं खुर्चीतलंच, पोरांची नावं आधारशी जुळवायची, आधारवर 'गणेश' शाळेत 'गनेश', जन्मतारीख वेगळी, आईबाप ऊसतोडीला गेलेले, संमतीपत्रावर सही कोण करणार, आणि वरून रोज टक्केवारी, तुमची शाळा लाल रंगात आहे. त्या आठवड्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा नाही. तास मोजले तर गॅदरिंगचे डबल भरतील. मग झोप कुठल्या कामाने उडवली?

याचं उत्तर रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली एका लेखात दिलं. त्याने अमेरिका आणि स्वीडनमधल्या नोकरदारांची माहिती घेतली आणि म्हणाला की नोकरीचा ताण मोजताना एक नाही दोन गोष्टी बघा. एक, कामाची मागणी किती आहे, म्हणजे किती काम, किती घाईत, किती परस्परविरोधी. दोन, त्या कामावर तुमचा ताबा किती आहे, म्हणजे काय आधी करायचं, कसं करायचं हे तुम्ही ठरवू शकता का आणि त्यात तुमची अक्कल वापरायला मिळते का. या दोन्ही गोष्टी कमी-जास्त करून चार खाने होतात. मागणी कमी आणि ताबा जास्त, हा आपला बाजारपेठेतला जुना घड्याळवाला, गिऱ्हाईक आलं तर ठीक. मागणी कमी ताबाही कमी, हा रात्रीचा वॉचमन. मागणी भरपूर आणि ताबाही भरपूर, हा दिवाळीच्या आधीचा टेलर, मान वर करायला वेळ नाही पण कुणाचं आधी शिवायचं, कुणाला परवा या म्हणायचं, सगळं त्याच्या हातात. आणि चौथा खाना, मागणी प्रचंड आणि ताबा जवळजवळ शून्य. कॅरासेक म्हणतो माणूस पोखरला जातो तो या चौथ्या खान्यात.

म्हणजे गॅदरिंगला मी टेलर होतो. अपारच्या आठवड्यात चौथ्या खान्यात.

(नंतरच्या अभ्यासकांनी यात बरीच खुसपटं काढलीत. जास्त मागणी वाईट, कमी ताबा वाईट, हे दोन्ही वेगवेगळे बऱ्याच ठिकाणी दिसले, पण ताबा वाढवला की मागणीचा त्रास आपोआप विरघळतो हे सगळीकडे दिसत नाही. मोठा ढाचा मात्र टिकून आहे.)

१९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल यांनी यात तिसरी गोष्ट घातली, साथ. सहकाऱ्यांची, साहेबांची. काम भरपूर, ताबा नाही आणि पाठीशी पण कुणी नाही, हे सगळ्यात वाईट. हे वाचताना मी थांबलोच, कारण दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापकाची साथ म्हणजे दुसरा शिक्षक, आणि तो ट्रेनिंगला गेला की साथ म्हणजे चार वर्ग.

आता कुणी म्हणेल ताबा-बिबा हे मनाचे खेळ आहेत, शरीराला काय होतंय. तर लंडनमध्ये सरकारी नोकरांवर एक मोठा अभ्यास झालाय, व्हाइटहॉल स्टडी. पहिला १९६७ ला सुरू झाला, त्यात पुरुषच होते, आणि त्यात दिसलं की सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचा हृदयविकाराने मृत्यू होण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या श्रेणीतल्यांच्या साधारण तिप्पट. सगळे पगारदार, सगळ्यांना सरकारी दवाखाना, तरी हे. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल याने त्यातला काहीच भाग समजत होता, सगळा नाही. म्हणून १९८५ पासून दुसरा अभ्यास केला मायकल मार्मट आणि मंडळींनी, १०,३०८ कर्मचारी, बायका पण घेतल्या, आणि कामावर ताबा किती हे पण विचारलं. कामावर ताबा कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त, आणि वरच्या-खालच्या श्रेणीतल्या फरकाचा चांगला मोठा वाटा या ताब्याशी जोडलेला निघाला. आपल्याकडे समज उलटा आहे, साहेबाला टेन्शन, शिपायाला कसलं टेन्शन.

मग मुख्याध्यापक साहेब की शिपाई?

इथेच गंमत आहे. गावातून बघितलं तर हेडसर म्हणजे शाळेचा राजा. दाखला तो देणार, सही त्याची, शिक्का त्याचा, पंधरा ऑगस्टला नारळ त्याच्या हातात. आणि वरून बघितलं तर तो शिडीची सगळ्यात खालची पायरी. त्याच्यावर केंद्रप्रमुख, त्यांच्यावर विस्तार अधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, मग पुण्या-मुंबईची कार्यालयं. एवढी एकच शिडी असती तरी चाललं असतं, पण बाजूने डाएट (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था), पोषण आहाराचा विभाग, समग्र शिक्षा ही केंद्र सरकारची शाळांसाठीची योजना, मतदार यादीसाठी तहसील, गोळ्या वाटपासाठी आरोग्य खातं, असे सगळे त्याच एका माणसाला फोन करतात आणि प्रत्येकाचं काम अतितात्काळ असतं, आणि कुणाचं आधी करू हे ठरवायचा अधिकार मात्र त्या माणसाला नाही. परस्परविरोधी मागणी म्हणतात ती हीच.

आणि लहान शाळेत तो मुख्याध्यापक पण नसतो हो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पाहा, पहिली ते पाचवीला १५० च्या वर मुलं असतील तरच वेगळा मुख्याध्यापक, सहावी ते आठवीला १०० च्या वर. आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांवरच्या कितीतरी शाळांचा पट त्याच्या जवळपास पण जात नाही, म्हणजे तिथला मुख्याध्यापक हा वर्ग शिकवणारा शिक्षकच, ज्याच्या गळ्यात चार्ज पडलाय. बहुतेक वेळा सिनियर म्हणून. मला चार्ज मिळाला तेव्हा आधीच्या सरांनी अकरा किल्ल्यांचा जुडगा दिला, त्यातल्या दोन कशाच्या हे त्यांनाही माहीत नव्हतं.

आता ताबा कशावर आहे ते बघू. शिक्षक निवडायचा अधिकार नाही, भरती पवित्र पोर्टलवर, बदली ऑनलाइन, पदं किती ते संचमान्यतेत ठरणार आणि संचमान्यता आधार व्हॅलिड पटावर, म्हणजे ज्यांचं आधार जुळलंय तेवढ्याच पोरांवर. पगार शालार्थवर. पुस्तकं वरून. ट्रेनिंगला कुणाला कधी पाठवायचं ते वरून, आणि परीक्षा कुठल्या आठवड्यात तेही. पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षातून एकत्रित शाळा अनुदान येतं, पट ३१ ते १०० असेल तर वर्षाला २५,००० रुपये, ३० पर्यंत असेल तर १०,०००. आमचा पट ६४. म्हणजे महिन्याला साधारण २,०८३ रुपये, त्यात लाईट बिल, खडू, झाडू, फिनाईल, टॉयलेटची सफाई, रंग, किरकोळ दुरुस्ती, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवरच घालायचे. बरं ते पैसे वर्षाच्या सुरुवातीला आले तर प्लॅन करता येतो. एका वर्षी आमच्याकडे फेब्रुवारीत आले आणि मार्चअखेर खर्च दाखवा म्हणून फोन सुरू.

कागदावर मुख्याध्यापकाच्या बाजूने शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्याचं कलम २१, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा. कल्पना फार चांगली आहे खरंच. पण ज्या समितीला वर्षाला पंचवीस हजारच ठरवायचे आहेत आणि त्यातले वीस आधीच लाईट बिलात गेलेत तिने कसला आराखडा करायचा, म्हणून मग मीटिंगमध्ये चहा होतो, प्रोसिडिंगवर सह्या होतात.

आणि जबाबदारी कशाची? सगळ्याची. पोषण आहाराचं तांदळाचं पोतं, डाळ-तेलाचा साठा, स्वयंपाकी ताईंचं मानधन का आलं नाही याचं उत्तर (ते आपल्या हातात नाही पण ताई आपल्यालाच विचारणार, आणि बरोबरच आहे तिचं), मुलांना वाढायच्या आधी चव घेऊन रजिस्टरला नोंद. ही चव म्हणजे चेष्टा नाही, जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुलं गेली आणि तिथल्या मुख्याध्यापिकेला २०१६ मध्ये कोर्टाने शिक्षा सुनावली. तिथे निष्काळजीपणा झाला होता, त्याबद्दल वाद नाही. पण ती बातमी देशातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचली आणि तेलाच्या डब्याकडे बघायची नजर बदलली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरची घटना झाली, त्यानंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांचे आदेश आले. आदेश रास्तच, लेकरांच्या सुरक्षेपुढे दुसरं काही नाही. पण सीसीटीव्हीचे पैसे कुठून, हा प्रश्न विचारला की उत्तर आलं, बरोबर ओळखलंत, आपल्या स्तरावरून.

अशैक्षणिक कामांबद्दल सगळेच बोलतात. कायद्याचं कलम २७ म्हणतं की शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगर शैक्षणिक कामं देऊ नका. पण नीट बघा, निवडणूक म्हटलं की मतदार यादी आली, यादी म्हटलं की बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा) आला आणि बीएलओ म्हटलं की रविवार गेला. २०२४ मध्ये राज्याने कुठली कामं शैक्षणिक आणि कुठली अशैक्षणिक याची यादीच काढली. माझं मत जरा वेगळं आहे. पोषण आहार शैक्षणिक की अशैक्षणिक या वादात मला फार रस नाही. उपाशी पोराला शिकवता येत नाही, ते काम शाळेचंच. माझं म्हणणं एवढंच की काम द्या पण त्या कामातला निर्णय पण द्या.

याचं सगळ्यात ताजं आणि सगळ्यांनी डोळ्याने पाहिलेलं उदाहरण म्हणजे गणवेश.

आधी कसं होतं, मोफत गणवेशाचे प्रत्येक मुलामागे दोन जोड्यांचे ६०० रुपये, म्हणजे एका जोडीला ३००, समितीच्या खात्यावर यायचे. समिती ठरवायची कापड कुठून, शिवायचं कुणी. ३०० रुपयात काय होतं ते सोडा, पैसे उशिरा यायचे तेही सोडा, तरी गावातली शिलाईवाली ताई शाळेत येऊन टेप लावायची, ही पोरगी वाढतेय म्हणून दोन बोटं दुमड जास्त ठेवायची, आणि उसवलं तर तिच्याच घरी जाऊन भांडता यायचं. मुख्याध्यापकाला काम होतंच, कोटेशन, बिलं, वाटप, सह्या. पण ताबा पण होता. मग आलं 'एक राज्य एक गणवेश'. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्याच्या पातळीवर, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे, आणि स्काऊट गाईडच्या दुसऱ्या गणवेशाचं कापड शाळेला, त्याची शिलाई मात्र समितीने करून घ्यायची, एका जोडीला शिलाईचे १०० रुपये. शंभरात कोण शिवतं सांगा. राज्यभरातून तक्रारी, गणवेश वेळेत नाहीत, मापं चुकलेली, पँट ढगळ, शर्ट आखूड. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि पुढच्या वर्षापासून अधिकार परत समितीकडे.

यात मला जे दिसतं ते असं. त्या एका वर्षात मुख्याध्यापकाचं काम कागदावर कमी झालं होतं की! खरेदी नाही, कोटेशन नाही. कुणी तास मोजले असते तर म्हणालं असतं बघा, तुमचा भार हलका केला. पण शाळेच्या गेटवर पालक कुणाला विचारणार, पोराचा गणवेश कधी येणार? मंत्रालयात जाणार का? तो हेडसरांनाच विचारणार, आणि हेडसरांकडे उत्तर नाही. काम गेलं, ताबा गेला, जाब देणं तेवढं राहिलं. कॅरासेकचा चौथा खाना शिकवायचा असेल तर मी हे उदाहरण घेईन.

आता दुसरी बाजू, कारण लोक लगेच म्हणतील मग द्या सगळे अधिकार मुख्याध्यापकाला, संपला विषय. इतकं सोपं नाही ते.

वरचे लोक अधिकार का देत नाहीत याला इतिहास आहे. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवते का? एकाच वेळी राज्यभर शाळा तपासल्या, पोरांच्या बोटाला निवडणुकीसारखी शाई लावली, म्हणजे एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जायला नको, आणि बऱ्याच ठिकाणी पट फुगवलेला सापडला. त्याच्या नंतर जे काही पोर्टल आलं, २०१५ चं सरल असो की आधार व्हॅलिडेशन, त्याच्या मुळाशी 'शाळा खोटं बोलते' हे गृहीत आहे. काहींनी केलं, सगळे भरतायत.

आणि संशोधन पण सावध आहे. हनुशेक, लिंक आणि व्होसमान या तिघांनी २०१३ साली ४२ देशांचे पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचे निकाल घेऊन तपासलं की शाळांना स्वायत्तता दिली की पोरं जास्त शिकतात का. प्रगत देशांत हो. विकसनशील देशांत उलट, नुकसान. कारण असं असू शकतं की जिथे हिशोब तपासायची आणि मदत करायची यंत्रणाच लंगडी आहे तिथे अधिकार खाली गेला की तो गावातल्या दांडग्या माणसाच्या हातात जातो. कुणाच्या मेव्हण्याकडून कापड घ्यायचं हे ज्याने अनुभवलंय त्याला हे पटेल.

दुसरा धोका जास्त बारीक आहे. स्वायत्तता या नावाखाली फक्त कामं खाली ढकलणं. ऑस्ट्रेलियात, पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात, २०१० पासून 'स्वतंत्र सरकारी शाळा' असा प्रकार सुरू केला, माणसं निवडणं, बजेट वगैरे प्राचार्यांकडे. त्याच देशात फिलिप रायली या संशोधकाने २०११ पासून प्राचार्यांच्या तब्येतीचा दरवर्षी सर्व्हे सुरू केला, सगळ्या प्रकारच्या शाळांचा. त्यात ताणाची कारणं विचारली तर वर्षानुवर्षं पहिल्या दोन जागा ठरलेल्या, कामाचा निव्वळ ढीग आणि शिकणं-शिकवण्याकडे बघायला वेळ न मिळणं. म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त अधिकार असलेला माणूस पण तेच म्हणतोय. अधिकार आला पण सोबत क्लार्क आला नाही तर तो अधिकार पण एक रजिस्टरच होतो.

इंग्लंडचं प्रकरण तर मन सुन्न करणारं. १९८८ च्या कायद्याने तिथल्या शाळांना स्वतःचं बजेट दिलं, मुख्याध्यापक खऱ्या अर्थाने प्रमुख झाला. मग ऑफस्टेड ही तपासणी संस्था आली आणि शाळेला एका शब्दात शेरा, उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. रीडिंगमधल्या एका प्राथमिक शाळेची नोव्हेंबर २०२२ मध्ये तपासणी झाली, 'उत्कृष्ट'वरून थेट 'अपुरी', आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या मुख्याध्यापिकेने जीव दिला. डिसेंबर २०२३ मध्ये मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष दिला की तपासणीचा त्या मृत्यूत वाटा होता, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठीचा एकशब्दी शेरा बंद केला. त्या बाईंकडे अधिकार होते. पण चूक सुधारायला जागा नव्हती, आणि अख्ख्या शाळेची किंमत एका शब्दात. म्हणून मी ताबा म्हणतो तेव्हा त्यात हे पण धरतो की चुकल्यावर सांगता आलं पाहिजे.

आपल्याकडे उलट टोक आहे. तपासणीचे कागद इतके की त्याने काहीच होत नाही. मध्य प्रदेशात शाळांचं मूल्यांकन करून प्रत्येक शाळेने सुधारणा आराखडा करायचा असा कार्यक्रम झाला, त्याचा कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी रीतसर प्रयोग करून अभ्यास केला, २०२० मध्ये निष्कर्ष आले. मूल्यांकन झालं, आराखडे झाले, अपलोड झाले. शाळेच्या कारभारात आणि पोरांच्या शिकण्यात फरक, शून्य. कार्यक्रम मात्र यशस्वी म्हणून देशभर पसरला! मला अजिबात नवल वाटलं नाही. मी स्वतः तसले आराखडे भरलेत, मागच्या वर्षीची फाईल उघडून तारीख बदलून.

आणि साहेब लोकांना एकट्यालाच धरून उपयोग नाही. यामिनी अय्यर आणि श्रयना भट्टाचार्य यांनी २०१६ मध्ये तालुका पातळीवरच्या शिक्षण अधिकाऱ्यांबद्दल लिहिलंय, ते अधिकारी स्वतःला पोस्ट ऑफिस समजतात, वरची पत्रं खाली आणि खालची माहिती वर. म्हणजे ज्याच्याकडून मी निर्णयाची अपेक्षा करतोय तोही चौथ्या खान्यात बसलाय. त्याच्या फोनवर पण तोच मेसेज आलेला असतो, फक्त अकरा पस्तीसला.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ताबा काढून घेतल्यावर माणसाचं नक्की काय होतं हे मला पुस्तकात नाही, पत्र्यावर कळलं. जूनच्या वादळात तिसरीच्या वर्गाचे दोन पत्रे उडाले. शाळा सुरू व्हायला चार दिवस. मी गावातला वेल्डर बोलावला, पत्रे आणले, हूक मारले, ३,४०० रुपये खिशातून दिले, दोन दिवसांत वर्ग कोरडा. पोरं बसली, पालक खूश, मी पण खूश. अनुदान आल्यावर ते बिल लावलं. तपासणीत आक्षेप, तीन दरपत्रकं कुठे आहेत, समितीचा ठराव खर्चानंतरच्या तारखेचा कसा. लेखी खुलासा द्या. दिला. परत द्या. परत दिला. चार महिने ते ३,४०० रुपये माझ्या उशाशी होते. खुलासा मागणारे साहेब माणूस म्हणून चांगले होते, एकदा चहा पिताना म्हणाले, सर तुम्ही केलंत ते बरोबर पण केलंत कशाला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गाचा पत्रा गळायला लागला तेव्हा मी काय केलं? फोटो काढला, पत्र लिहिलं, आवक-जावकला नोंद केली, पोच घेतली, आणि शांत बसलो. पोरं शेजारच्या वर्गात दाटीवाटीने बसवली. मला अजिबात टेन्शन आलं नाही, आणि हेच मला आज जास्त टोचतं. कॅरासेकने हे पण लिहिलंय, ज्या नोकरीत ताबा नसतो तिथे माणूस हळूहळू प्रयत्न करणंच सोडतो, आणि ती सवय नोकरीपुरती राहत नाही, बाहेरच्या आयुष्यात पण त्याचा सहभाग कमी होतो. स्वीडनच्या माहितीत त्याला तसं दिसलं होतं. बायको म्हणायची तुम्ही घरातला बल्ब बदलायला पण हल्ली विचारता.

काय करता येईल याची मोठी यादी माझ्याकडे नाही. पण काही गोष्टींना पैसा पण लागत नाही. एकदा दिलेली माहिती परत मागायची नाही, ती यू-डायसमधून ज्याची त्याने काढून घ्यावी, हा एक नियम जरी कुणी पाळला तरी आठवड्यातला एक दिवस वर्गाला परत मिळेल. शाळेच्या वेळेत ग्रुपवर अतितात्काळ नको, खरंच आग लागली असेल तर फोन करा. ठराविक रकमेपर्यंत तातडीची दुरुस्ती आधी करून नंतर ठराव चालेल, असं स्वच्छ लेखी असावं, आणि ती रक्कम पत्र्याच्या बाजारभावाला धरून असावी. अनुदान जूनमध्ये. केंद्रात मिळून एक क्लार्क, मोठ्या शाळेला नाही, लहान शाळांच्या गटाला, कारण मोठ्या शाळेला मुख्याध्यापक तरी वेगळा आहे. आणि केंद्रप्रमुखांनी शाळेत आल्यावर पहिला प्रश्न 'का झालं नाही' ऐवजी 'काय अडलंय' असा विचारावा. आमच्याकडे मधले आठ महिने असे एक केंद्रप्रमुख होते. काम तेवढंच होतं, लिंका तेवढ्याच होत्या. पण त्या आठ महिन्यांत मी बीपीची गोळी विसरायचो, आणि विसरलो तरी चालून जायचं असं मला वाटायचं (डॉक्टरांना तसं वाटायचं नाही, ते वेगळं).

पालक असाल तर एक करा. पुढच्या वेळी शाळेच्या गेटवर हेडसरांना किंवा मॅडमना 'हे का नाही झालं' विचारायच्या आधी 'हे कुणाच्या हातात आहे' असं विचारा. उत्तर ऐकून तुम्हीच दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत जाल.

मागच्या पावसाळ्यात माझ्यानंतर चार्ज घेतलेल्या मॅडमचा रात्री फोन आला. सर, तिसरीच्या वर्गात परत गळतंय, तुमच्या वेळी काय केलं होतं? मी म्हटलं मॅडम दोनदा गळलं होतं आणि दोन वेळा दोन वेगळं केलं होतं, तुम्हाला कुठलं सांगू? त्या जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, फोटो आणि पत्र उद्या पाठवते, पण वेल्डरचा नंबर पण द्या.